म्यान लाकडी, पाते विलायती
यशवंतपुरातून बंगळूरच्या जुन्या छावणीकडे निघालात, तर घोडदळाचा इतिहास जवळच आहे. १८४०च्या दशकात तिथे ब्रिटिशांची पंधरावी हुसार्स पलटण होती, तिच्यात कॅप्टन लुई नोलन. पुढे १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध चढाईत तो पडला. त्याआधी १८५३च्या आपल्या ग्रंथात त्याने निजामाच्या स्वारांची हकीकत लिहिली. त्यांच्या एका घावात हात-मुंडकी तुटत. नोलनने चौकशी केली, तेव्हा कळले की पाती इंग्रजांनीच मोडीत काढलेली होती! स्वारांनी त्यांना देशी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार दिली आणि लाकडी म्यानात ठेवली. विलायती लोखंडी म्यानात पाते घासून बोथट होई. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण शस्त्राइतकीच त्याची निगाही लढते.

म्हणून जुनी तलवार पाहताना मूठ आणि पाते वेगवेगळे तपासावे. १७९६च्या हलक्या घोडदळाच्या तलवारीचे पाते चांगलेच वाकडे, टोकाकडे रुंद होत जाणारे; मुठीला बोटांपुढे एकच लोखंडी कमान. १८२१च्या नमुन्यात तीन पट्ट्या येतात. १९०८ची तलवार सरळ, निव्वळ भोसकण्यासाठी. पात्याच्या पाठीवर कधीकधी कारखानदाराचे नाव सापडते. ते पुसट असले तरी घासू नका, चकाकीपायी पुरावा जातो. शंभर वर्षांपुढची तलवार १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.