प्रवेश कोणाला, किल्ली कोणाकडे?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील डॅलस शहरात 'कॅथेड्रल ऑफ होप' नावाची एक ख्रिस्ती मंडळी आहे. तिच्या सभासदांत समलिंगी स्त्री-पुरुषांची बहुसंख्या आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये ही मंडळी 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' या प्रॉटेस्टंट पंथात रीतसर दाखल झाली. घटना एवढीच. एका अभ्यासशिबिरात मी ती सांगितली तेव्हा मागच्या रांगेतून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तिकडच्या चर्चमध्ये कोण आत गेले नि कोण बाहेर राहिले, त्याच्याशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त होता. तेव्हा मी जे तुटक उत्तर दिले ते येथे नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

पहिला संबंध इतिहासाचा आहे. १८१० मध्ये अमेरिकेत परदेशी मिशनकार्यासाठी जे 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले ते मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांचे होते. या बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले. नगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढण्याचा निश्चय केला आणि सावित्रीबाईंनी तेथेच अध्यापनाचे शिक्षण घेतले, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. पुढे नगर जिल्ह्यातले हजारो महार-मांग या मिशनच्या मंडळ्यांत आले. अमेरिकेतल्या याच काँग्रिगेशनल मंडळ्या १९५७ मध्ये दुसऱ्या एका पंथाशी एक होऊन 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' बनल्या. म्हणजे ज्या घराच्या दाराविषयी आपण बोलतो आहोत, त्या घराची एक वाट नगरवरून गेलेली आहे.

दुसरा संबंध दाराचाच आहे. त्याविषयी पुढे.

या पंथात प्रवेशाचा निर्णय कोण घेतो, हे आधी समजून घ्यावयास हवे. आपल्याला धर्मसत्ता म्हटली की शंकराचार्य आठवतात, पोप आठवतो. वरून हुकूम सुटतो आणि खाली तो पाळला जातो. येथे तसे नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त आहे. आपला पाळक ती स्वतः निवडते, आपली मालमत्ता स्वतः सांभाळते. राष्ट्रीय पातळीवर जनरल सिनॉड भरते, ठराव करते. पण ते ठराव मंडळ्यांना उद्देशून असतात, त्यांच्यावर बंधनकारक नसतात. नवी मंडळी दाखल करून घ्यायची की नाही, हे त्या भागातल्या मंडळ्यांची असोसिएशन मतदानाने ठरवते. कॅथेड्रल ऑफ होपच्या बाबतीत ते काम उत्तर टेक्सासच्या असोसिएशनने केले. किल्ली अशी शेजाऱ्यांच्या हातात आहे. यात धोका आहेच. महाडच्या तळ्याचा निर्णय महाडच्या शेजाऱ्यांवर सोडला असता तर काय झाले असते, ते आपण जाणतो. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरी शेजाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या. म्हणून स्थानिक स्वायत्तता ही आपोआप लोकशाही असते, असे मी म्हणणार नाही. डॅलसमध्ये तिने दार उघडले, इतकेच.

आता दाराबाहेरच्यांची कहाणी. ट्रॉय पेरी हे पेन्टेकॉस्टल परंपरेतले उपदेशक. समलिंगी असल्यामुळे त्यांना आपल्या पंथातून बाहेर पडावे लागले. ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ त्यांच्या राहत्या घरात बारा माणसे उपासनेला जमली. त्यातून 'मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च' ही संघटना उभी राहिली. डॅलसची मंडळी १९७० मध्ये अशीच मूठभर माणसांतून सुरू झाली आणि या संघटनेचा भाग बनली. जानेवारी १९७३ मध्ये लॉस एंजेलिसची मूळ मंडळी जळून गेली. त्याच वर्षी २४ जूनला न्यू ऑर्लीन्समध्ये समलिंगी लोक जमत अशा एका बारला आग लागून ३२ माणसे मेली. त्यांत तेथल्या मंडळीचे अनेक सभासद आणि त्यांचे पाळक होते. काही मृतदेहांना वारस मिळेना; शहरातल्या अनेक चर्चनी प्रार्थनेसाठी दार उघडण्यास नकार दिला. एका एपिस्कोपल पाळकाने छोटी प्रार्थना घेतली तर त्याला वरिष्ठांचे खडे बोल ऐकावे लागले. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना वेगळे काढणारी भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मेल्यावरही माणसाची प्रत लावली जाते.

या संघटनेने पुढे अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स पंथांच्या 'नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस' या परिषदेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. श्रद्धेच्या कसोटीत तो बसत होता. ख्रिस्त तोच, बाप्तिस्मा तोच, प्रभुभोजन तेच. तरीही नोव्हेंबर १९८३ मध्ये परिषदेच्या कार्यकारी मंडळाने ११६ विरुद्ध ९४ मतांनी प्रश्न बेमुदत पुढे ढकलला. नाही म्हणायचे नाही आणि होही म्हणायचे नाही. कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या प्रत्येकाला हे तंत्र ओळखीचे वाटेल.

कॅथेड्रल ऑफ होप मात्र या काळात वाढत गेली. सुमारे चार हजार सभासदांची ती मंडळी झाली. २००३ मध्ये तिने अंतर्गत वादातून मूळ संघटनेशी नाते तोडले. रिपब्लिकन पक्षाची शकले मोजून थकलेल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. तीन वर्षे ती स्वतंत्र राहिली आणि मग तिने जुन्या, प्रतिष्ठित पंथाचे दार ठोठावले.

हे दार आधीपासून थोडे किलकिले होते. या परंपरेने १७८५ मध्ये लेम्युएल हेन्झ या कृष्णवर्णीयाला, १८५३ मध्ये अँटॉइनेट ब्राऊन या स्त्रीला आणि १९७२ मध्ये विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला पाळकपदाची दीक्षा दिली होती. १९८५ च्या सिनॉडने मंडळ्यांना आवाहन केले की समलिंगींना नुसते येऊ देऊ नका, त्यांना मान्यता देत असल्याचे जाहीर करा. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. अनेक चर्च म्हणतात, या, पण तुम्ही जे आहात त्याचा पश्चात्ताप करीत या. मान्यता देणारी मंडळी ही अट घालत नाही. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात मंदिरप्रवेशाच्या पुरस्कर्त्यांना हेच विचारले होते: मंदिरप्रवेश हे तुमचे अंतिम ध्येय आहे, की समतेकडे जाणारी पहिली पायरी? उंबरठ्याच्या आत येऊनही खालचाच राहणार असेन, तर त्या प्रवेशाचे मी काय करू?

परंतु या पंथाला सोवळे ठरविण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतही एक प्रवेशाचा वाद पेटला होता. चेरोकी आणि चॉक्टॉ या आदिवासींमधील अमेरिकन बोर्डाच्या मंडळ्यांत गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद करून घेतले जात होते. गुलामगिरीविरोधकांनी विचारले, माणूस विकत घेणारा प्रभूच्या मेजावर कसा बसतो? बोर्डाने त्यांना बाहेर काढण्याचे नाकारले. त्या रागातून १८४६ मध्ये 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' ही वेगळी संस्था निघाली. आणि याच बोर्डाच्या तमिळ प्रदेशातील मदुरा मिशनने १८४७ मध्ये नेमका उलटा पवित्रा घेतला. जे ख्रिस्ती होऊनही खालच्या मानलेल्या जातींच्या बांधवांबरोबर एका पंक्तीत जेवण्यास तयार नव्हते, त्यांना मंडळीतून दूर केले. एकच बोर्ड, एका खंडात मालकाला आत ठेवणारे, दुसऱ्या खंडात सवर्णाला अटीवर आत घेणारे.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की दाराचा खरा प्रश्न माझ्यापुरता उलगडतो. मदुरेत बाहेर काढले गेले ते त्यांच्या वागणुकीमुळे. ते दुसऱ्याला पंक्तीबाहेर ठेवीत होते. समलिंगी माणसाला बाहेर ठेवले जाते ते तो जो आहे त्यामुळे. पहिल्याला अट घालता येते, कारण तो आपली वागणूक बदलू शकतो. दुसऱ्याला घातलेली अट ही जन्माचीच अट असते, तिला पापाचे नाव दिले तरी.

विरोधक पवित्र शास्त्राचा आधार देतात. लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतली वचने दाखवतात. गुलामगिरीचे समर्थकही शास्त्रातून वचने दाखवीत. उदारमतवादी ख्रिस्ती यावर वचनांचा नवा अर्थ लावतात. मला हा मार्ग अपुरा वाटतो. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचा नवा अर्थ लावला नाही, महाडला ती जाळली. पण हेही मान्य करतो की ज्याला त्या घरातच राहायचे आहे, त्याला जाळण्याचा मार्ग सांगणे मला बाहेरून सोपे आहे.

खरी अडचण यापुढे आहे. १९८३ मध्ये परिषदेत विरोधी बाजूला ऑर्थोडॉक्स पंथांबरोबर काही कृष्णवर्णीय पंथांचे प्रतिनिधीही होते. २००५ मध्ये सिनॉडने समलिंगी विवाहाला समानतेचा पाठिंबा देणारा ठराव केल्यावर काही मंडळ्या पंथ सोडून गेल्या. आणि कॅथेड्रल ऑफ होप आत आली त्याच २००६ साली, जूनमध्ये, पोर्तो रिकोचा सगळा विभाग बाहेर पडला. पोर्तो रिको ही १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यातली वसाहत, भाषेने स्पॅनिश, खिशाने गरीब. डॅलसची मंडळी त्यांच्या मानाने सुखवस्तू. वसाहतीतली माणसे म्हणाली, हे श्रीमंत गोऱ्यांचे नैतिक फॅड आमच्यावर लादू नका. या आक्षेपात खोटेपणा आहे असे मी म्हणत नाही. समलिंगी असणे हे गोऱ्यांचे लक्षण नाही, पोर्तो रिकोतही ती माणसे आहेत, एवढेच मी म्हणेन. बहिष्कृत माणूस दुसऱ्या बहिष्कृताला आपोआप ओळखतो ही आपली आवडती समजूत आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही.

आणखी एक प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारावा असा. चार हजारांची, स्वतःच्या पायावर उभी असलेली मंडळी दुसऱ्याच्या दारात गेलीच कशाला? आपला रस्ता काळारामाच्या सत्याग्रहापासून येवल्याकडे आणि येवल्यापासून नागपूरकडे गेला. १९३० मध्ये दार ठोठावले, १९३५ मध्ये दाराकडे पाठ फिरवली, १९५६ मध्ये स्वतःचे घर बांधले. डॅलसकरांनी उलटा प्रवास केला. आधी घर बांधले, मग दार ठोठावले. मला प्रथम ही माघार वाटली. आता तसे वाटत नाही. स्वतःचे घर असलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा तो याचक नसतो. नकार आला तर तो परत जाऊ शकतो. १९३० मध्ये आपल्याजवळ हे परत जाण्याचे घर नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एक गोष्ट सांगितली, ती त्याला रुचली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये, आपणा बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. धर्मांतरित दलितांचा प्रश्न तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला, तेव्हा दलित ख्रिश्चनांना आत घेऊ नका, आमचा वाटा कमी होईल, असे म्हणणाऱ्यांत आपलेही लोक होते. वाट्याची भीती खरी आहे. जागा थोड्या आहेत आणि भरल्या जात नाहीत, तेही खरे. पण नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावी बौद्ध आणि ख्रिस्ती घरे एकाच वस्तीत, गावकुसाच्या एकाच बाजूला असतात. त्यांच्यातल्या एका घराच्या अर्जावर आपण काय शेरा मारतो, ते त्याने पुढच्या शिबिराला येताना लिहून आणावे, असे मी त्याला सांगितले. तो अजून आलेला नाही.