परसातले लाकूड आणि परमुलखातले

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी जी व्यवस्था लावून दिली आहे तीत, स्वराज्यातील अरण्यांतले सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, त्याखेरीज लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, आणि आंबा-फणस ही झाडे उपयोगाची असली तरी रयतेने ती वर्षानुवर्षे जपून वाढवलेली असल्यामुळे त्यांस हात लावू नये, एखादे जीर्ण झालेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा मोठा सुज्ञ विवेक आढळतो. आजचा हौशी कारागीर वखारीत शिरतो तो मात्र एक तर सागवान मागतो, नाही तर एखादे ऐकीव विलायती नाव. परसातल्या झाडांची त्याला आठवणही होत नाही.

सागवानाची कीर्ती अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 सालचे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर तरंगते आहे. परंतु जो गुण जहाजाला हवा तो दागिन्यांच्या पेटीला हवाच असे नाही. शिवाय सागवानातील वाळूसारखे सूक्ष्म कण हत्याराची धार फार लवकर मारतात. गमतीची गोष्ट अशी की, अस्सल देशी म्हणून आपण जे सागवान घेतो त्यापैकी बरेचसे हल्ली घाना, पनामा अशा दूरच्या मुलखांतील लागवडींतून बंदरात उतरते.

हातकामाच्या दृष्टीने खरा प्रश्न लाकूड किती कठीण आहे हा नसून ते तोडल्यानंतर कसे वागते हा आहे. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून फळी फुगते, चैत्र-वैशाखात आक्रसते. हा फरक लांबीत जवळजवळ शून्य असतो, पण गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत तो जितका, त्याच्या सुमारे दुप्पट वलयांच्या दिशेत असतो, आणि या विषमतेमुळेच फळी पन्हळीसारखी वाकते. म्हणून जाणता सुतार दाराची दिलेफळी चौकटीत सरसाने चिकटवीत नाही, खाचेत मोकळी बसवितो. या परीक्षेत आपला शिवण फार वरच्या क्रमांकाने उतरतो. फिकट रंगाचे, हलके, पटाशीला सहज वश होणारे हे लाकूड एकदा नीट वाळले की पुढे फारशी कुरकुर करीत नाही. सागवानापायी त्याची झालेली उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

फणसाची तऱ्हा निराळी. रंधा मारल्याबरोबर त्याची फळी पिवळीधमक दिसते, आणि उजेडात काही महिने काढल्यावर गडद तपकिरी होते. ब्रह्मदेशात भिक्षूंची चीवरे रंगविण्यासाठी याच लाकडाचे तुकडे उकळीत असत. अशा लाकडाला वरून रंग फासणे म्हणजे केवळ उतावीळपणा. चरकावर कातण्यासाठी बारीक पोताचा हेदू उत्तम; काळ्या कुड्याचे हस्तिदंती लाकूड तर कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांमुळे ख्यातनाम झाले आहे.

शिसवाची गोष्ट मात्र आता कागदपत्रांत गुंतली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कोरीव शिसवी सामान विलायतेपर्यंत गेले. पण 2017 पासून शिसवाचे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांखाली आल्याने परदेशी पाठवायच्या मालाचे वजन आणि दाखले आधी पाहावे लागतात.

परदेशी लाकडांचा मोह मी समजू शकतो. दक्षिण अमेरिकेतील पर्पलहार्ट कापताना मळकट तपकिरी असते आणि हवा लागताच जांभळे होते. पुढे उजेडाने ते पुन्हा तपकिरीकडे झुकते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. लिग्नम व्हिटी पाण्यात बुडते, आणि स्वतःच्याच स्निग्धतेने फिरत्या भागाला वंगण पुरविते. म्हणून जॉन हॅरिसनने आपल्या लाकडी घड्याळांत ते योजिले. अशी लाकडे मूठ, खुंटी किंवा जडावकामापुरतीच घ्यावीत. तेलकट पृष्ठावर सरस धरत नाही, तेव्हा चिकटविण्यापूर्वी ते पृष्ठ स्पिरिटने पुसावे. आणि यांपैकी कित्येकांचा भुसा त्वचेस व श्वासास बाधक असल्याने नाकातोंडावर फडके असू द्यावे.

माझे मत विचाराल तर सर्वांत उत्तम माल पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांत मिळतो. त्या सागवानाची वलये दाट, आणि शेकडो पावसाळ्यांच्या ओल-उन्हाने त्याचा स्वभाव केव्हाच स्थिरावलेला. घेताना तेवढे लोहचुंबक फिरवून पाहावे. आत मोडून राहिलेला एखादा जुना खिळा रंध्याखाली सापडला, तर पात्याला खांडा पडतो आणि उरलेला दिवस ते निसण्यावर घासण्यात जातो.