आरोग्यविषमता व सेवाभावी संस्था
समाजातील भिन्न गटांच्या आरोग्यमानात आढळणाऱ्या, टाळता येण्याजोग्या व अन्याय्य तफावतीस आरोग्यविषमता म्हणतात. वय वा शरीरधर्म यांमुळे पडणारा प्रत्येक फरक या संज्ञेत येत नाही. दारिद्र्य, दुर्गम वस्ती, भाषाभेद व सामाजिक अवहेलना यांमुळे ज्या समूहांना उपचार उशिरा मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत, त्यांच्या वाट्यास येणारे अधिक आजार व अकाली मृत्यू तीत मोडतात. अल्पसंख्य समूहांची स्थिती सरासरीच्या आकड्यांत लपून राहते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ९.४ टक्के, तर गडचिरोली जिल्ह्यात सु. ३८.७ टक्के होते. राज्याची सरासरी सुधारली, तरी अशा जिल्ह्याची स्थिती सुधारेलच असे नाही.

विदर्भातील सिकल सेल (दात्रकोशिका) रोग हे याचे ठळक उदाहरण होय. या आनुवंशिक विकारात रक्तारुणातील दोषामुळे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. परिणामी पांडुरोग, तीव्र वेदना व वारंवार जंतुसंसर्ग उद्‌भवतात. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगी असण्याची शक्यता २५ टक्के व वाहक असण्याची ५० टक्के असते. वाहकास सहसा त्रास होत नाही, उलट हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून पूर्वापार हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला. विदर्भात तो गोंड, माडिया, परधान इ. जमातींत व पूर्वाश्रमीच्या महार, आता मुख्यतः बौद्ध असलेल्या समाजात विशेष आढळतो. मध्य भारतातील याविषयीचे संशोधन १९५८ मध्येच प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय निर्मूलन अभियान मात्र १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. रोगाचे मूळ जैविक असले, तरी ही दिरंगाई जैविक नव्हती.

मधल्या काळात हा प्रश्न लोकांसमोर व शासनासमोर ठेवण्याचे काम संस्थांनी केले. नागपूर येथील सिकल सेल सोसायटी ऑफ इंडिया ही त्यांपैकी प्रमुख होय. तिचे संस्थापक संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र केवळ रक्ततपासणीने काम भागत नाही. वाहक व रोगी यांतील भेद समजावून न दिल्यास वाहक मुलींची लग्ने अडतात आणि कुटुंबे निदान लपवू लागतात. त्यामुळे तपासणीबरोबर विवाहपूर्व समुपदेशन, निदानाची गुप्तता, हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांचा अखंड पुरवठा व गरजेनुसार रक्त मिळण्याची सोय आवश्यक ठरते.

समूहाच्या विश्वासाचे महत्त्व गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून कार्य करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या अनुभवातून दिसते. अभय व राणी बंग यांनी स्थापिलेल्या या संस्थेचे रुग्णालय आदिवासींच्या अपेक्षेप्रमाणे झोपड्यांच्या धर्तीवर बांधण्यात आले. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येते आणि रुग्णालयास दंतेश्वरी देवीचे नाव आहे. नवजात अर्भकांसाठी संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. अर्भकाचे वजन घेणे, त्यास ऊब देणे, गुदमरलेल्या अर्भकाचा श्वास सुरू करणे व जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाची सुई टोचणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युप्रमाण सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये द लॅन्सेट नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टर दूर होता, तेथे अंतर तोडण्याचे काम प्रशिक्षित शेजारणीने केले.

संस्थांच्या कार्यास मर्यादाही आहेत. त्यांचे क्षेत्र थोड्या गावांपुरते असते, निधी अनिश्चित असतो आणि कार्य पुष्कळदा संस्थापकांवर अवलंबून राहते. संस्थेने सिद्ध केलेली पद्धत शासनाने स्वीकारली, तरच विषमता व्यापक प्रमाणावर घटते. घरगुती नवजात शिशुसेवा २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबविण्यात येऊ लागली, हे याचे उदाहरण होय. तथापि पद्धत स्वीकारल्यानंतरही संस्थांचे एक काम उरते : सेवा शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचते की नाही हे पाहणे, आणि समूहवार नोंदी ठेवून ती तफावत सरासरीत लपू न देणे.