बोगदा-पुस्तक सुंदर झालं, पण मुलं काय शिकली?

“कृती घेतली, मुलांना मजा आली, पुस्तकं छान झाली.” इथपर्यंत अहवाल होतो. संशोधन त्यानंतर सुरू होतं. हा फरक नेमका कुठे आहे ते एका कागदी उदाहरणावरून बघू.

बोगदा-पुस्तक म्हणजे एकामागे एक उभे केलेले कागदाचे थर. पुढच्या थरांना मधोमध खिडकी कापलेली असते, शेवटचा थर अखंड. दोन्ही बाजूंना घड्या घातलेल्या पट्ट्या चिकटवल्या की पुस्तक हार्मोनियमच्या भात्यासारखं उघडतं आणि आत डोकावलं की देखावा खोल दिसतो. अठराव्या शतकात जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये मार्टिन एंगेलब्रेख्त असे थरांचे देखावे छापत असे. १८४३ मध्ये लंडनला थेम्स नदीखालचा बोगदा खुला झाला, तेव्हा त्याचीही अशी कागदी पुस्तकं आठवण म्हणून विकली गेली.

वर्गात करायला हे सोपं आहे. पाच कार्डशीट, दोन पट्ट्या, कात्री, फेव्हिकॉल. मागे डोंगर, मग झाडं, मग घरं, पुढे रस्ता.

आता समजा, तुमचा प्रश्न आहे: “या कृतीने मुलांना चित्रातली खोली कळते का?” पुरावा म्हणून तुम्ही तयार पुस्तकांचे फोटो जोडले. इथेच गडबड आहे. पुस्तकातली खोली घड्यांच्या पट्टीने आणलेली आहे. मुलाला काही कळलं नसेल तरी पुढचं घर मागच्या झाडाला झाकणारच! म्हणजे पुस्तक हा तुमचा उपाय झाला. त्याचा परिणाम दुसरीकडे मोजायला हवा, उदाहरणार्थ सपाट कागदावर.

मोजायचं काय, हे आधीच्या अभ्यासातून ठरतं. फ्रेंच अभ्यासक लुके यांनी १९२७ मध्ये मांडलं की लहान मूल दिसतं ते न काढता माहीत असतं ते काढतं. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून यांनी ५ ते ९ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. त्याचा कान मागे लपलेला, पुढे फुलाचं चित्र. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोरचं फूल बऱ्याचदा सोडून दिलं. साधारण आठव्या वर्षापासून हे चित्र उलटं होतं.

यातून वर्ग कोणता निवडायचा तेही कळतं. चौथीत ही समज बहुतेकांना आधीच आली असेल, तर सुधारणा दिसायला जागाच उरणार नाही. दुसरीचा वर्ग जास्त योग्य. पण तिथे खिडक्या कापणं मुलांना जड जातं, म्हणून त्या तुम्ही कापून द्याल. मग “मुलांनी पुस्तक केलं” याचा अर्थ बदलतो. तसं प्रबंधात स्पष्ट लिहा.

आराखडा असा करता येईल. कृतीआधी आणि नंतर मुलांना तांब्या आणि त्याच्यामागे अर्धा लपलेला चेंडू काढायला सांगा. प्रत्येक बाकावरून मांडणी वेगळी दिसते, म्हणून मुलांना एकेक करून ठरलेल्या जागी बसवा. गुण: दोन्ही वस्तू शेजारी आणि पूर्ण, ०, एकावर एक पण लपलेली रेषाही काढलेली, १, लपलेला भाग वगळलेला, २. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. दुसऱ्या गटाला तोच देखावा, तेवढाच वेळ, पण सपाट चिकटकाम द्या. नाहीतर वाढलेले गुण नुसत्या सरावाचेही असू शकतात. चित्रांवरची नावं झाका, दोघांकडून स्वतंत्रपणे गुण घ्या आणि त्यांचं किती जुळतं ते कोहेनच्या कॅपाने तपासा.

पालकांची लेखी संमती घ्या, मुलालाही विचारा. अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटालाही पुस्तक करायला द्या.

आणि एक जपा. ज्याला शून्य मिळालं ते मूल चित्रात “चुकलेलं” नाही. त्याला चेंडू पूर्ण गोल आहे हे माहीत आहे, आणि तेच त्याने काढलंय. तुमचे गुण एकाच गोष्टीचे आहेत: दिसतं तसं काढणं. “चित्रकला सुधारली” असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मोजलं तेवढंच लिहा. व्हायवाला त्यातलं प्रत्येक वाक्य तुम्हाला सांभाळता येईल.