नागरिकांचा सहभाग आणि ग्रामसभेचा निर्णयाधिकार : महाराष्ट्रातील अनुभवांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

लोकशाहीतील नागरिकांच्या सहभागाची चर्चा आपल्याकडे बहुधा मतदानाच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत सुमारे ६६ टक्के मतदान झाले, याबद्दल सर्वत्र समाधान व्यक्त झाले. मतदान हा सहभागाचा पाया आहे, हे निर्विवाद. परंतु पाच वर्षांतून एकदा प्रतिनिधी निवडणे आणि सार्वजनिक निर्णयात प्रत्यक्ष वाटा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कृतीत नागरिक आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवितो. दुसरीत तो स्वतः वापरतो. या दुसऱ्या प्रकारच्या सहभागासाठी भारतीय राज्यघटनेने गावपातळीवर ज्या संस्थेस स्थान दिले आहे, ती म्हणजे ग्रामसभा.

लोक ग्रामसभेला येत नाहीत, ते उदासीन आहेत, ही तक्रार जुनी आहे. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, ही उदासीनता बऱ्याच अंशी कारण नसून परिणाम आहे. ज्या सभेच्या हाती ठरविण्यासारखे काही नाही, तिच्याकडे लोक पाठ फिरवितात. जिच्या हाती काही ठोस येते, तेथे ते येतात, अभ्यास करतात आणि निर्णयाचा भारही उचलतात.

कायद्यातील ग्रामसभा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायती स्थापन करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. तथापि २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात येईपर्यंत ग्रामसभेला घटनात्मक अस्तित्व नव्हते. या दुरुस्तीने गावातील मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्तींची मिळून ग्रामसभा होते, असे म्हटले; परंतु तिला कोणते अधिकार असावेत, हे अनुच्छेद २४३-अ अन्वये राज्य विधिमंडळांवर सोपविले. म्हणजे संस्था घटनेने दिली आणि तिचे सामर्थ्य मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले.

महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ७ हे ग्रामसभेचे मूळ कलम होय. वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, सर्वसाधारण सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी, अशा तरतुदी त्यात कालांतराने आल्या. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती उपस्थिती पुरते. तीही न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम काय होतो, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांच्या निमित्ताने खेड्यांत राहिलेल्या प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलाविली जाते, दुसरी दहा-वीस जणांत उरकते आणि नोंदवहीवरील सह्या मागाहून गोळा होतात. कायद्याचे शब्द पाळले जातात. सभा मात्र होत नाही.

यात दोष केवळ सरपंच वा ग्रामसेवक यांचा नाही. बहुतेक ग्रामसभांपुढे येणारे विषय म्हणजे वरून आलेल्या योजनांच्या लाभार्थ्यांची यादी आणि आधीच ठरलेल्या कामांना मंजुरी. अशा सभेसाठी मजूर आपला दिवसाचा रोज का बुडवील?

मेंढा (लेखा) : निर्णय हाती घेतलेले गाव

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात आहे. मेंढा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. लेखा या शेजारच्या गावाशी जोडलेल्या गट ग्रामपंचायतीमुळे ते मेंढा (लेखा) या नावाने ओळखले जाते. १९८० च्या दशकात इंद्रावती व गोदावरी नद्यांवरील प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यात हे गाव सहभागी होते. आंदोलन ओसरल्यावर आंदोलक सहसा पांगतात. येथे देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने लोकांनी गावाचा कारभार स्वतः पाहण्याचे ठरविले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यातूनच रूढ झाली.

या गावाच्या कार्यपद्धतीची दोन अंगे विशेष अभ्यसनीय आहेत. पहिले, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेतला जातो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढील सभेपर्यंत थांबतो. त्यामुळे वेळ लागतो, हे खरे. परंतु एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास अशा निकालाने ठराव मिळतो, अंमलबजावणी मिळत नाही. ज्या गावात लोकांना रोज एकाच विहिरीवर पाणी भरावयाचे असते, तेथे पराभूत अल्पमत निर्माण करणे परवडत नाही. दुसरे अंग म्हणजे अभ्यासगट. ग्रामसभेत निर्णय होतो, अभ्यासगटात होत नाही. अभ्यासगटात केवळ माहिती घेणे, कायदा समजावून घेणे आणि शंका विचारणे चालते. बाहेरच्या माणसाला अभ्यासगटात येण्यास मुभा आहे; निर्णय मात्र गावकरीच घेतात. चर्चा आणि निर्णय यांची ही फारकत अत्यंत साधी आहे. आपल्या विद्यापीठांतील अधिकार मंडळांनीही ती उचलावी, असे वाटून जाते; तेथे बहुधा विषयपत्रिका सभेतच प्रथम उघडली जाते.

परंतु सहमती आणि अभ्यास यांना अर्थ आला तो जंगलामुळे. परिसरातील बांबू तोडण्याचा अधिकार दीर्घकाळ कागद गिरणीकडे होता आणि गावकऱ्याला कुंपणापुरता बांबू आणण्यासाठीही वनखात्याच्या मेहरबानीवर अवलंबून राहावे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट उघडली. ग्रामसभेने पुरावे जमवून दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क तिला मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू गौण वनोपज आहे की वृक्ष, या वादात वाहतूक परवाने अडून राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. जो कागद आजवर वनाधिकारी देत असे, तो आता गाव देऊ लागले. बांबूच्या विक्रीतून लक्षावधी रुपये ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा हिशेब, लेखापरीक्षण व मजुरीचे दर हे सभेचे नित्य विषय झाले. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आणण्याचा ठराव केला.

सहमतीची मर्यादा

मेंढ्याचे अनुकरण सर्वत्र व्हावे, असे मात्र म्हणता येणार नाही. ते एकजिनसी गाव आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि व्यक्ती हाच घटनेचा मूळ घटक मानला. जेथे जमीन एका जातीकडे, मजुरी दुसरीकडे आणि वस्ती गावकुसाबाहेर, तेथे ‘सर्वसहमती’ म्हणजे बोलू न शकणाऱ्यांचे मौन असू शकते. आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर ग्रामसभा दुबळी ठेवण्यात नाही. तो आक्षेप लक्षात घेऊन तिची रचना करण्यात आहे. गुप्त मतदान हा अशा रचनेचा एक मार्ग होय.

महाराष्ट्रातील दारूबंदीच्या मतदानात याचा प्रत्यय येतो. गावातील वा प्रभागातील महिलांच्या मागणीवरून मद्यविक्रीच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. भरसभेत नवऱ्यासमोर वा दुकानमालकासमोर हात वर करू न शकणारी स्त्री पडद्याआड आडव्या बाटलीवर शिक्का मारू शकते. मात्र दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते लागतात. परगावी गेलेली, आजारी वा मृत असूनही यादीत राहिलेली स्त्री येथे दारूच्या बाजूने मोजली जाते. हीच अट आमदारकीला लावली, तर विधानसभेतील किती आसने भरतील, याचा विचार मनोरंजक ठरेल. नागरिकांनी थेट निर्णय घ्यावयाचा म्हटले की राज्यसंस्था स्वतःला न लावलेली कसोटी त्यांना लावते.

निर्णय की केवळ मत

थेट कौलाचा निकाल बंधनकारक नसला तर काय होते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात मिळते. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. त्याला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. त्यामुळे शेतकऱ्यांनी रांगा लावून मत नोंदविले तरी निर्णयाचे उत्तरदायित्व कोणावर आले नाही. याउलट ओडिशातील नियमगिरी पर्वतावरील बॉक्साइट खाणीच्या प्रश्नात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याचा आधार घेऊन हा विषय ग्रामसभांपुढे नेण्यास सांगितले. जिल्हा न्यायाधीशांच्या निरीक्षणाखाली १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने प्रकल्पास परवानगी नाकारली. दोन्ही ठिकाणी लोक तेवढ्याच निश्चयाने आले होते; फरक होता तो त्यांच्या म्हणण्यामागे उभ्या असलेल्या कलमाचा.

शहरांची स्थिती याहून क्षीण आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, परंतु ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा शहरी नागरिकाला दिली नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरून फारशी खाली उतरली नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेतली जातात, हा उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र सुचविणे नागरिकांचे आणि ठरविणे महापालिकेचे, ही विभागणी तेथेही कायम आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील हाताशी असलेला भाग अभ्यासगटाचा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आज व्यवस्थापन आराखडे, जमाखर्च, निविदा आणि करार यांची कामे करावी लागतात. इतर ग्रामसभांपुढेही वित्त आयोगाचा निधी व ग्रामविकास आराखडा असतो. वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र या विभागांकडे त्यासाठी लागणारे ज्ञान आहे. गावाच्या अभ्यासगटात बाहेरच्यांसाठी जागा आहे. तेथे जाताना निर्णयाचा आग्रह दाराबाहेर ठेवावा लागतो, एवढेच.