पोस्टाने आलेला घाट

साबा बेटावर विमानाने उतरणाऱ्याचं पहिलं लक्ष जातं ते धावपट्टीकडे. लांबी जेमतेम ४०० मीटर. नियमित प्रवासी विमानं उतरतात अशी याहून आखूड धावपट्टी जगात नाही. दोन्ही टोकांना कडा, खाली समुद्र. जेट विमानाने इकडे फिरकायचंच नाही. शेजारच्या सेंट मार्टेनहून पंधराएक मिनिटांत येणारं पंखेवालं छोटं ट्विन ऑटर तेवढं इथे टेकतं. जगभरचे हौशी लोक या धावपट्टीचे व्हिडिओ बघत बसतात. बघोत बापडे. माझ्या मते साबावरची खरी अचाट गोष्ट विमानतळाच्या फाटकाबाहेर सुरू होते, आणि ती म्हणजे तिथून वर जाणारा रस्ता.

साबा म्हणजे कॅरिबियन समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं डोकं. बेटाचं सगळं क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास, आणि मधोमध उभा असलेला माउंट सीनरी पावणेनऊशे मीटरच्या घरात. रायगड उचलून थेट समुद्रात ठेवला, भोवती कोकणपट्टीही ठेवली नाही, तर जे दिसेल ते साबा. बेट नेदरलँड्सच्या ताब्यात. २०१० साली ते त्या देशाची खास नगरपालिका झालं, आणि गंमत अशी की सपाटीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशाचं सर्वोच्च शिखर तेव्हापासून अटलांटिकपार या बेटावर आहे. चलन मात्र अमेरिकी डॉलर, आणि घराघरातली भाषा इंग्रजी.

इतका उभा डोंगर कसा तयार झाला? अटलांटिकचा समुद्रतळ इथे कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकातलं पाणी वरच्या खडकाचा वितळणबिंदू उतरवतं, लाव्हा तयार होतो आणि बेटांची एक माळच वर येते. या जातीचा लाव्हा घट्ट, चिकट. दख्खनच्या पठारावर पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर पसरला आणि सपाट थर बसले. साबाचा लाव्हा तोंडाशीच साचून राहिला आणि त्याचे घुमट झाले. त्यामुळे बेटाला ना किनारपट्टी, ना वाळूची म्हणावी अशी पुळण, ना जहाजाला आसरा देणारी खाडी. एक लाव्हाचा ओघ तेवढा समुद्रापर्यंत पोचून थिजला. त्या जागेचं नाव फ्लॅट पॉइंट. धावपट्टी तिथेच आहे, कारण दुसरीकडे कुठे ती मावतच नाही.

टॅक्सी फ्लॅट पॉइंटवरून निघते ती लगेच चढाला लागते. रस्ता काँक्रीटचा, अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला हाताने रचलेला दगडी कठडा. वळणामागून वळण. प्रत्येक वळणाला मघाची धावपट्टी आणखी लहान होत जाते, आणि गाडीचं नाक कधी आभाळाकडे तर कधी समुद्राकडे. मग झायन्स हिल लागतं. जुनी मंडळी त्याला अजून हेल्स गेटच म्हणतात. नरकाचं दार हे नाव चर्चवाल्यांच्या पचनी पडलं नाही म्हणून कागदोपत्री बदललं.

गाव म्हणजे उतारावर चिकटलेली घरं. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, खिडक्यांना हिरवी झडपं. एखादं घर जवळून बघा. छपराच्या कडेने पन्हळ, पन्हळीतून नळ, आणि नळ थेट सिमेंटच्या हौदात. बेटावर एकही नदी नाही, बारमाही ओढाही नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छपरावर पडलेलं पाणी हौदात साठवूनच संसार चालले. अंगणाच्या कोपऱ्यात चुन्याने पांढऱ्या केलेल्या कबरीही दिसतात. आजी-आजोबा परसातच विसावलेले. सपाट जागा इतकी थोडी की स्मशानाला वेगळी कुठून काढणार?

आता मूळ प्रश्न. हा रस्ता केला कुणी?

रस्ता होण्याआधी साबावर येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा मार्ग ठरलेला होता. जहाज दूर उभं राहायचं, होडी लाटांमधून खडकाळ किनाऱ्याला लागायची, आणि तिथून माल माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून वर जायचा. पश्चिमेच्या लॅडर बेवर खडकात कोरलेल्या ८०० पायऱ्या आहेत. पीठ, लाकूडफाटा, फर्निचर, आजारी माणूस, सगळं त्या पायऱ्यांवरून चढलं-उतरलं. वरच्या गावांमध्येही पायवाटा आणि पायऱ्याच. पायऱ्या अजून शाबूत आहेत. गुडघे शाबूत असतील तर उतरून बघता येतात.

विसाव्या शतकात रस्त्याचा विषय निघाला तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञ इंजिनिअरांनी बेट पाहून सांगितलं, इथे रस्ता होणं शक्य नाही. त्यांना हसायचं कारण नाही. हिशेब साधा आहे. बंदराच्या जागेपासून, म्हणजे फोर्ट बेपासून, द बॉटम हे राजधानीचं गाव अडीचशे मीटर उंचीवर आहे. दर शंभर मीटरला दहा मीटर चढायचं म्हटलं तरी अडीच किलोमीटर रस्ता लागेल. एवढी लांबी सरळ रेषेत नाही, म्हणजे वळणं घ्यायची. वळण घ्यायला रुंदी हवी, आणि रुंदी हवी तर डोंगर आत कापायला हवा. कापलं की वरचे सुटे दगड खाली येतात, कारण घट्ट लाव्हाच्या मधेमधे जुन्या स्फोटांची राख आणि गोटे भरलेले. यंत्रं आणावीत तर ती उतरवायला धक्का नाही. आणलीच तर वर न्यायला रस्ता नाही.

जोसेफस लॅम्बर्ट हॅसल या गावकऱ्याला हे पटलं नाही. बेटावर हॅसल आडनावाची माणसं पैशाला पासरी. हाही त्यातलाच एक. इंजिनिअरिंगचं कॉलेज पाहिलेलं नाही. त्याने सिव्हिल इंजिनिअरिंगचा पत्रद्वारा अभ्यासक्रम घेतला. धडे बोटीने यायचे, घरी बसून सोडवायचे आणि उत्तरं बोटीनेच परत. त्यातून उतार कसा मोजायचा, वळण कसं आखायचं, भिंतीवर मातीचा दाब किती पडतो हे शिकून त्याने १९३८ साली गावातली माणसं घेऊन काम सुरू केलं. यंत्र एकही नाही. पहार, कुदळ, फावडं आणि माणसाची पाठ.

अशा कामाची रीत आपल्याकडच्या जुन्या घाटांवर राबलेल्यांना नवी नाही. डोंगराची बाजू खणायची, निघालेला दगड दरीकडच्या अंगाला भिंत म्हणून रचायचा, मधल्या पोकळीत भर घालायची आणि वर रस्ता करायचा. एकाच दगडात दोन कामं. पृष्ठभागाला काँक्रीट, आणि डांबराच्या मानाने ते इथे सोयीचं: ते हाताने कालवता येतं, रोलर लागत नाही, आणि उभ्या चढावर उन्हाने पघळत नाही. चढ मात्र पुस्तकातल्यापेक्षा बराच कडक ठेवावा लागला. आजही पहिला गिअर तिथे चैनीसाठी नसतो.

फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला तुकडा पाच वर्षांनी, १९४३ साली तयार झाला. आणि मग? मग काहीच नाही. बेटावर गाडी नव्हती! चार वर्षं तो रस्ता माणसांनी आणि गाढवांनी वापरला. पहिली जीप आली १९४७ साली. धक्का नाहीच, तेव्हा दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या, त्यावर जीप उभी केली आणि लाटांमधून किनाऱ्याला आणली. हॅसलच्या माणसांनी रस्ता पुढे विंडवर्डसाइड आणि सेंट जॉन्स या गावांपर्यंत नेला तो १९५१ साली, आणि सगळा पुरा झाला १९५८ साली. वीस वर्षं.

पुढच्याच वर्षी, १९५९च्या फेब्रुवारीत, शेजारच्या सेंट बार्ट्स बेटावरचा वैमानिक रेमी द हाएनन याने फ्लॅट पॉइंटवर विमान उतरवून दाखवलं. त्याच्यासाठी जागा गावकऱ्यांनी हातांनीच साफ केली होती. १९६३ साली विमानतळ झाला. फोर्ट बेला जहाजाचा धक्का झाला तो १९७२ साली. हा क्रम मला फार आवडतो. कुठल्याही नियोजन खात्याने आधी बंदर, मग यंत्रं, मग रस्ता, मग गाड्या असं मांडलं असतं. साबाने आधी रस्ता केला, मग गाडी आणली, मग विमान, आणि सगळ्यात शेवटी बंदर. शिस्तीने गेले असते तर बंदरासाठी थांबता थांबता १९७२ उजाडलं असतं.

पण पोस्टाने इंजिनिअर व्हायचं सुचावं कसं? माझा तर्क असा, की साबाला पोस्टाची सवय आधीपासूनच होती. १८७०च्या दशकात गर्ट्रूड जॉन्सन ही इथली मुलगी काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकायला गेली आणि येताना एक कला घेऊन आली. लिननच्या कापडातले ठरावीक धागे हलकेच ओढून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांना सुईने गाठी घालत त्यांची जाळी बांधायची. ही साबा लेस. बेटावरचे पुरुष बहुतेक दर्यावर्दी, पुढे अरूबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामाला गेलेले; घरी उरलेल्या बायकांनी ही लेस विकायला काढली. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही. त्यांनी अमेरिकेतून येणाऱ्या मालाच्या खोक्यांवरचे कंपन्यांचे पत्ते उतरवून घेतले आणि तिथे काम करणाऱ्यांना पत्रं लिहिली. ऑर्डरी येऊ लागल्या. १९२८च्या सुमारास ही निर्यात वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत गेली होती. कापडाचा हलका तुकडा लाटांमधून सहज बाहेर जातो. तसाच इंजिनिअरिंगचा धडाही सहज आत येतो. जिथे जडशीळ काही उतरवता येत नाही तिथे लिफाफ्याची किंमत निराळीच.

टॅक्सी पुढे विंडवर्डसाइडला येते. इथली वळणं सगळ्यांत अवघड, कारण घरं आधी होती आणि रस्ता नंतर आला, त्याला त्यांच्या मधूनच वाट काढावी लागली. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावंच लागतं. ढग इथे बऱ्याचदा छपरांना टेकलेले असतात, आणि गावातूनच माउंट सीनरीवर जाणाऱ्या १,०६४ पायऱ्या सुरू होतात. वर शेवाळाने मढलेलं, बुटक्या झाडांचं ढगांतलं जंगल आहे. मग सेंट जॉन्स, मग द बॉटम, आणि शेवटी फोर्ट बेचा तीव्र उतार. बेट संपलं.

जायचा योग आलाच तर सेंट मार्टेनहून बोटीने जा आणि विमानाने परत या, म्हणजे हॅसलच्या माणसांनी केला त्याच क्रमाने खालून वर रस्ता चढता येईल. गाडी भाड्याने घेतलीत तर उजवीकडून चालवायची सवय करून घ्या, चढणाऱ्याला वाट द्या. आणि कुणी कठड्यावर बसून हात केला तर गाडीत घ्या; तिथे ती रोजची रीत आहे. वाट चुकण्याची काळजी नको. बेटावरचे लोक या रस्त्याला नुसतं 'द रोड' म्हणतात, कारण गावांना जोडणारा दुसरा रस्ताच नाही.