लहान मुलांचा तिरळेपणा : शस्त्रक्रिया कोणावर आणि केव्हा?

जन्मानंतर काही आठवडे बाळाचे डोळे अधूनमधून तिरके दिसणे स्वाभाविक असते. मात्र ४ महिन्यांनंतरही डोळा सतत नाकाकडे वळलेला राहिल्यास ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ या समजुतीने थांबणे घातक ठरते. दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा एकत्र करण्याची मेंदूची क्षमता याच वयात घडत असते.

प्रत्येक डोळा ६ स्नायूंच्या साहाय्याने फिरतो. पूर्ण भूल देऊन शल्यविशारद बहुधा दोन्ही डोळ्यांचे नाकाकडील स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात. त्यामुळे आतली ओढ कमी होते. डोळा जागेवरून काढला जात नाही. पहिल्या ६ महिन्यांत सुरू झालेल्या तिरळेपणात २ वर्षांच्या आत डोळे सरळ झाल्यास दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याची शक्यता वाढते. काही मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

दूरदृष्टिदोषामुळे डोळा वळत असेल, तर पुष्कळदा चष्माच पुरतो. एका डोळ्याची नजर मंदावली असल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते. ते काम शस्त्रक्रिया करीत नाही. क्वचित तिरळेपणामागे डोळ्याच्या पडद्यावरील कर्करोगाची गाठही असते. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून वेळीच तपासणी हेच उपचाराचे पहिले पाऊल होय.